जड स्पीकर घरी आले तेव्हा

मित्रांनो, माझे बटण दाबले की लगेच गाणे सुरू होत नाही. आधी माझ्या काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी होतात, मग मी जरासा घुमतो आणि मग कुठे आवाज फुटतो. मी एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. रेकॉर्डवरच्या सुईतून येणारा मुंगीएवढा आवाज मोठा करून स्पीकरला द्यायचा, हे माझे काम. माझी संथ चाल बघून तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल, पण गोष्ट ऐकून घ्या.

मला एका रेडिओ मेकॅनिकने घडवले. दुकानातून घरी आला की जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू अडवून तो मला जोडत बसे. माझ्या ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा त्याने स्वतःच्या हाताने गुंडाळली. तो तोंडाने वेढे मोजत असायचा आणि नेमकी तेव्हाच बायको काहीतरी विचारायची.

"झालं! आता परत पहिल्यापासून," तो कपाळाला हात लावी.

"मग या घरात बोलायचंच नाही का कुणी?" ती म्हणे.

अशा गोड भांडणांतून माझा जन्म झाला, आणि तोही तिच्यासाठीच. ती नृत्य शिकवत असे. घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत लाकडी फळ्यांची जमीन होती, तिथे तिचा वर्ग भरे. माझे तेव्हाचे स्पीकर अगदी हलके आणि गुणी होते. मी नुसते बोट लावायचा अवकाश, ते गाऊ लागत. रेकॉर्डवरच्या गाणारीचा आवाज इतका जवळून येई की मुलींना न्यायला आलेल्या आया दारातून आत डोकावून तिला शोधत. मेकॅनिक माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "हा आमचा थोरला."

धाकटी म्हणजे त्यांची खरीखुरी मुलगी. सारखी गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती लहान असतानाच मोठा ताप आला आणि तिचे कान गेले. त्यानंतर कित्येक दिवस घरात मला कुणी हात लावला नाही. शेवटी आईने मन घट्ट करून वर्ग पुन्हा सुरू केला. भिंगरी कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. गाणे लागले आणि ती उठली. अनवाणी पायांनी इतर मुलींबरोबर अचूक ताल धरू लागली. आई धावत तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली.

"तुला ऐकू आलं?"

भिंगरीने मान हलवून नाही म्हटले आणि पायाखाली बोट दाखवले. "इथून येतंय."

त्या दिवसापासून फळ्यांची थरथर हेच तिचे कान झाले. ती माझ्या ठेक्यावर वाढली आणि आईपेक्षाही सुंदर नाचू लागली. माझी छाती अभिमानाने फुगली होती, नाही कसे म्हणू?

मग भिंगरीचा स्वतःचा पहिला कार्यक्रम ठरला, याच खोलीत. तिचा मामा एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होता. तो स्टुडिओ नुकताच बंद झाला होता. भाचीसाठी म्हणून तिथले दोन मोठे स्पीकर तो टेम्पोत घालून घेऊन आला. कपाटासारखे ते धूड आत आणताना चार माणसांना घाम फुटला.

मित्रांनो, ते स्पीकर फार हट्टी निघाले. वरचे सूर ते मुकाट्याने गात. पण ढोलाची थाप आली की एकदम एवढी वीज मागत की माझी दमछाक होई. बरे, नुसते ढकलून भागत नसे. त्यांचा जाड पडदा एकदा हलला की त्याला वेळेवर थांबवावेही लागे, आणि तेच मला जमेना. थाप संपली तरी पडदा आपला डुलतच राही. खुर्चीत बसलेल्या मेकॅनिकला त्यातले काही जाणवत नव्हते, कारण त्याचे कान गाणारीच्या आवाजावर असत आणि तो आवाज अजूनही मधासारखा होता. भिंगरीचे पाय मात्र चुकू लागले.

"बाबा, एक थाप दुसरीत मिसळतेय," ती म्हणाली.

"थाप ठीक आहे. तुझंच लक्ष नाही," तो तुटकपणे बोलला.

तिने त्याच्या ओठांवरून ते वाचले. ती खोलीतून निघून गेली आणि सराव थांबला. "सगळ्यांसमोर चुकायचं नाहीये मला. कार्यक्रम नको," असे तिने आईला सांगून टाकले.

तेव्हा मामा एक ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. काळाकुट्ट, बुटका, दोन्ही बाजूंना कंगव्यासारखे दाते, आणि बटण दाबताक्षणी तयार. मेकॅनिकने त्याच्याकडे धड पाहिलेही नाही.

"हे खोकं माझ्या घरात नको. आवाज बघ कसा कोरडा आहे."

"दाजी, आवाज तुम्ही ऐकता," मामा हळूच म्हणाला. "ती कुठे ऐकते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक एकटाच खोलीत आला. बूट-मोजे काढले, दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि वरून मफलर करकचून बांधला. मग ढोलाची रेकॉर्ड लावून खोलीच्या मधोमध उभा राहिला. एकदा माझ्यावर, एकदा त्या काळ्यावर, मग पुन्हा माझ्यावर. मी जिवाच्या आकांताने वाजलो. तो डोळे मिटून उभा होता. मग खाली बसला आणि दोन्ही तळवे फळ्यांवर टेकवून बराच वेळ तसाच राहिला.

"तिचं बरोबर होतं गं!" तो ओरडला. कानांत बोळे असल्यामुळे आपण केवढ्याने बोलतोय हे त्याला कळत नव्हते. शेजारच्या खिडक्या उघडल्या.

माझ्या तारा त्याने स्वतःच सोडवल्या. सदऱ्याच्या बाहीने माझे झाकण पुसत पुटपुटला, "रागावू नकोस रे." मग मुलीसमोर जाऊन उभा राहिला आणि तिला नीट वाचता यावे म्हणून सावकाश म्हणाला, "माझं चुकलं. चल, नाच."

कार्यक्रम मी कपाटावरून पाहिला, थंडगार. त्या काळ्याने प्रत्येक थाप दिली आणि तिथल्या तिथे आवरली. शेवटच्या गिरकीनंतर भिंगरी ढोलाबरोबर अशी थबकली की खोलीत कुणी श्वास घेईना. मेकॅनिकने टाळी वाजवायला हात उचलले, पण त्याला काहीतरी सुचले आणि तो पायांनी जमीन बडवू लागला. मग सगळी खोलीच बडवू लागली. भिंगरी खाली पाहत हसत-रडत होती. माझा हेवा तिथेच विरघळला.

पुढे माझ्यावर आधी फडके आले, मग कुंडी आली आणि शेवटी मी माळ्यावर गेलो. मेकॅनिक वारला, तेही मला खालच्या आवाजांवरूनच कळले.

एका दुपारी भिंगरीने मला खाली उतरवले. आता वर्ग तीच चालवते. आई थकली आहे, बहुतेक वेळ आतल्या खोलीत पडून असते, आणि तिला गाणे हवे होते. पुढच्या खोलीतला तो दणका नको, निव्वळ गळा हवा होता. बापाच्या एका जुन्या सोबत्याने मला उघडले. त्याने घाई केली नाही. सुकलेले भाग बदलले, जळमटे काढली आणि थोडी थोडी वीज देत मला जागे केले. माझ्या जोडीला दोन लहान, मऊ स्वभावाचे स्पीकर आणले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असेल. त्याला फेकण्याआधी, त्याच्यावर आपण कुणाचे ओझे लादले होते हे एकदा आठवा. त्याची धूळ पुसा, त्याला गरम व्हायला वेळ द्या. आणि स्पीकर जोडल्याशिवाय मला कधी सुरू करू नका, माझा जीव जातो त्याने.

आता रोज दुपारी मी आईच्या उशाशी वाजतो. ती पडल्या पडल्या गाणारीबरोबर गाते. भिंगरी समोर बसून तिच्या ओठांवरून शब्द वेचते आणि अर्धी ओळ मागे राहून तेच मोठ्याने म्हणते. तिचा सूर कुठल्या कुठे जातो. आई तिला थांबवत नाही.