दिघोरीच्या वाटेवरची मोटारसायकल

मी एक म्हातारी मोटारसायकल बोलतेय. अड्याळला, एका घराच्या पडवीत माझा मुक्काम असतो. किक मारली तर लगेच सुरू होत नाही. राग मानू नका, दमले आहे.

माझे मालक चंद्रकुमार. ते एका वर्तमानपत्रात गुन्ह्यांच्या बातम्या द्यायचे. बाकीच्या गाड्या लग्नाला, बाजाराला जातात. मी जायची ती प्रेत सापडलं असेल तिथं. धानाच्या बांध्यांतून, तलावाच्या पाळीवरून, शवागाराच्या दारापर्यंत. सकाळी चार ओळी छापून यायच्या, तोवर आम्ही दुसरीकडे निघालेलो असायचो.

पुढे पेपरानं माणसं कमी केली. मालक घरी बसून खुनाच्या कादंबऱ्या लिहू लागले. त्या खपल्याही. माझ्या अंगावर ताडपत्री आली, सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

लिहिलेलं ते पडवीत बसून बायकोला, रुपाबाईंना, वाचून दाखवत. त्यातले रस्ते माझ्या ओळखीचे असत. फक्त शेवटी खुनी सापडायचा. पुस्तकागणिक मालकांचा आवाज अधिकच थकत गेला.

मग एका दुपारी दिघोरीच्या मनकर्णाबाई एसटीनं आल्या. त्यांची मुलगी गुंजन फार वर्षांपूर्वी गावच्या तलावात मेलेली सापडली होती. गळ्यावर वळ होते. पाळीवर मी उभी होते तेव्हा. मारणारा कधीच सापडला नाही. मालकांनी त्यावर कादंबरी लिहिली, नाव तेवढं बदललं. मनकर्णाबाईंच्या नातीनं ती त्यांना वाचून दाखवली होती.

मनकर्णाबाई पाणीही न पिता म्हणाल्या, "पुस्तकात तुम्हाले तो सापडला जी. त्याचं खरं नाव सांगा. मी ठाण्यात जातो."

मालक म्हणाले, "मावशी, तो मी मनानं रचला. मले माहीत नाही."

"माझ्या पोरीचं मरण खरं," त्या हळूच म्हणाल्या, "अन् मारणाराच खोटा काहून?"

मालकांनी ताडपत्री ओढली, माझा कार्बोरेटर साफ करून आणला आणि मावशींना मागं बसवून दिघोरीला सोडलं.

त्यानंतर नवी कादंबरी झाली नाही. नागपूरच्या प्रकाशकाचे फोन येऊन येऊन थांबले. आम्ही मात्र पुन्हा हिंडतो आहोत. लाखांदूरला, दिघोरीला, त्या वेळच्या माणसांच्या घरी. परवा ठाण्यातल्या नव्या साहेबांनी विचारलं, पुढचं पुस्तक का? मालक म्हणाले, "नाही जी. बातमी अर्धी राहिली होती."

अजून हाती काही लागलेलं नाही. चढावर माझा दम तुटतो, मालकांचाही. एकच मागणं आहे. दिघोरीकरांनो, तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी काही पाहिलं असेल, तर माझा आवाज ऐकून दार लावून घेऊ नका.