मेला म्हणून सांगितलेला टायगर

मी एक म्हातारा कुत्रा आहे. आंजीच्या शिवारात, चंद्रभानच्या शेतातल्या लिंबाला बांधलेला असतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. रानडुक्कर आलं तर भुंकतो, पण उठवत नाही. मित्रांनो, वर्ध्यातल्या एका घरी मी कधीच मेलो आहे, असं सांगतात. ते का सांगतात, तेवढं आज ऐका.

माझा जन्म याच शेतात, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाआड झाला. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. चंद्रभान महिन्याचा किराणा वर्ध्याच्या प्रभाकररावांच्या दुकानातून भरायचा. प्रभाकररावांना घराला राखण हवी होती, म्हणून चंद्रभानने मला पिशवीत घालून एस.टी.ने नेलं आणि त्यांच्या ओट्यावर ठेवलं. त्यांनी माझा जबडा उघडून दात पाहिले आणि नाव ठेवलं टायगर.

पिल्लू करतं ते सगळं मी केलं. घरात मुतलो. दात शिवशिवायचे म्हणून चपला कुरतडल्या. येईल त्याच्या अंगावर उड्या मारल्या. प्रभाकरराव चपलेनं मारायचे. मी चपलेला घाबरायला लागलो, पण मुतायचं कुठे हे काही मला कळलं नाही.

ते शिकवलं सपनाताईने. ती प्रभाकररावांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात जाणारी. मी खाल्लं की ती लगेच मला मागच्या अंगणात न्यायची आणि काम होईपर्यंत उभी राहायची. झालं की पाठ थोपटायची. चप्पल तोंडात दिसली की ओरडायची नाही, तिच्या जागी सुतळीची गाठ द्यायची. मी उडी मारली की पाठ फिरवायची, माझे चारही पाय जमिनीवर आले की भाकरीचा तुकडा द्यायची. ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे शब्द मी तिच्याकडून शिकलो. तिला घाई नव्हती. मला जमलं नाही त्या दिवशी ती म्हणायची, “जाऊ दे, उद्या पाहू.”

घरी धुण्याभांड्याला मीराबाई यायच्या. आधी त्या मला भ्यायच्या. सपनाताईने त्यांना सांगितलं, “मीराबाई, हा अंगावर आला तर पळू नका. उभ्या राहा आन् ‘बस’ म्हणा.” त्यांनी म्हणून पाहिलं. मी बसलो. त्या दिवसापासून पोळीचा शेवटचा घास माझ्यासाठी त्यांच्या पदराच्या टोकाला बांधलेला असायचा.

पण संध्याकाळी ओट्यावर प्रभाकररावांची मंडळी जमायची, आणि तिथली शाळा वेगळी होती. रस्त्याने कोणी सायकलवर चाललं की ते बोट दाखवून म्हणायचे, “टायगर, छू.” मी धावायचो, पँटचा काठ धरायचो. माणूस धडपडायचा. ओट्यावर हसू फुटायचं. “पाह्यलं काऽ कसा धरते?” असं म्हणत ते मला बिस्कीट द्यायचे.

सपनाताई एकदा त्यांना म्हणाली, “बाबा, मी सोड म्हणतो, तुम्ही धर म्हणता. त्यानं आयकावं कोणाचं?”

“अवं, गंमत आहे बेटा. अजून बारका आहे तो.”

“मोठा होईन तवा?”

 प्रभाकररावांनी मला आणखी एक बिस्कीट दिलं.

मी मोठा झालो. सपनाताईचं लग्न झालं आणि ती समुद्रपूरला गेली. मला फिरवणारं कोणी उरलं नाही. दिवसभर साखळीला असल्यामुळे मी भुंकायचो, भुंकतो म्हणून साखळी आखूड झाली, आखूड झाली म्हणून आणखी भुंकायचो. संध्याकाळी ओट्यावर मंडळी आली की मात्र मला सोडायचे. मित्रांनो, त्या तेवढ्या वेळासाठी मी काहीही केलं असतं.

एका संध्याकाळी नागपूरचे एक पाहुणे आले होते. प्रभाकररावांना त्यांना माझी करामत दाखवायची होती. फाटक वाजलं. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. बोट फाटकाकडे केलं आणि म्हणाले, “छू.”

मी निघालो. समोर पदर, हातात पिशवी. आता पँट धरून भागत नव्हतं, माझा जबडा मोठा झाला होता. मी हात धरला. मग वास आला. त्या मीराबाई होत्या. त्या पळाल्या नव्हत्या. उभ्या राहून ‘बस, बस’ म्हणत होत्या. मी सोडलं तोवर दात हाडाला लागले होते.

पाहुणे चहा न घेताच गेले. प्रभाकररावांनी मीराबाईंना ऑटोत बसवून सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि मला कोंबून मागच्या खोलीत बंद केलं. दुसऱ्याच दिवशी पोत्यांच्या गाडीतून आंजीला आणलं. चंद्रभानला म्हणाले, “तुया शेतात डुकरं येते न? ठेव याले. घरी आता जागा नाई.” चाव्याबद्दल ते बोलले नाहीत. चंद्रभानने मला लिंबाला बांधलं आणि पाण्याचं घमेलं पुढे ठेवलं.

पुढचं मला मीराबाईंच्या तोंडून कळलं. हिवाळा सरत आला होता. त्यांना वर्ध्याच्या स्टँडवर चंद्रभान भेटला आणि सहज बोलून गेला, तुमचा टायगर मजेत आहे म्हणून. त्या तिथूनच त्याच्याबरोबर एस.टी.त बसल्या.

शेताच्या धुऱ्यावर त्या दिसल्या तेव्हा मी साखळी ताणून शेपूट हलवली. त्या लांबच थांबल्या. 

“जिता आहे हा,” त्या म्हणाल्या.

“मंग? काऊन मरन?” चंद्रभानला काही कळेना.

“मले सांगितलं पिसाळला होता, मेला. डाक्टरनं म्हटलं होतं, कुत्रं बांधून ठेवा, नजर ठेवा, चांगलं राह्यलं तर भेव नाई, सुया बंद करू. मी शेटजीले इचारलं, टायगर कुठी आहे? म्हणे, पिसाळून मेला, पुरला.” त्या खाली बसल्या. “पोटात सगळ्या सुया घेतल्या, भाऊ. तरी इस्वास नाई बसला. रोज सकाळी उठून पाण्याचा गिलास तोंडाले लावून पाहो, पाणी जाते का नाई. नातवाले जवळ नाई घेतलं. ताट येगळं ठेवलं. मी रोज मरून राह्यली होती, आन् हा इथं भाकर खाऊन राह्यला होता.”

चंद्रभान मान खाली घालून म्हणाला, “मले माईत नव्हतं, बाई. तुमची आन.”

“त्यायले माईत होतं न. पिसाळलेलं कुत्रं आपसूक चावते; हा चांगला दिसला असता तं यायनंच छू म्हटलं हे लोकायले कळलं असतं, म्हणून त्यायनं याले तोंडानंच मारून टाकलं. सपनाबेटीलेही तेच सांगितलं. लय रडली म्हणते.”

मी पोटावर सरपटत साखळीच्या टोकापर्यंत गेलो. त्यांचा उजवा हात पदराखाली होता. बोटं अजून नीट मिटत नव्हती.

“तुह्यावर राग नाई रे,” त्या मला म्हणाल्या. “पण जवळ नाई येत आता.” आणि त्या उठून सडकेकडे चालू लागल्या. त्या घरचं काम त्यांनी सोडलं, एवढंच नंतर चंद्रभानकडून कळलं. प्रभाकररावांना कोणी काही विचारलं नाही. त्यांचं दुकान छान चाललं आहे. सपनाताई मात्र कधी आली नाही. मेलेल्याला भेटायला कोण येतं?

मित्रांनो, घरी पिल्लू आणणार असाल तर आधी घरातली सगळी माणसं एका जागी बसवा आणि त्याला काय शिकवायचं ते ठरवा. एकाने सोड आणि दुसऱ्याने धर म्हणू नका. त्याला रोज मोकळं फिरवा. माणसांवर सोडून हसू तर कधीच नका. आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी त्याने कोणाला धरलंच, तर त्याला लपवू नका. अंगणात सगळ्यांना दिसेल असं बांधा. ज्याला दात लागले त्याला रोज येऊन पाहू द्या, की कुत्रा जिवंत आहे, खातो आहे, पाणी पितो आहे.