गोलकीपरची आई

सकाळपासून घरात लगीनघाई चालली होती. बाहेरच्या खोलीत शेजारणी जमल्या होत्या, दीर बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होता आणि सासूबाई येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवत होत्या, "आमच्या नातीची निवड झाली! राष्ट्रीय फुटबॉल केंद्र म्हणतात त्याला. शिकवायला परदेशातून माणसं येतात तिथं."

आणि जिनं या नातीला जन्म दिला, ती मागच्या खोलीत इस्त्री करत उभी होती. इस्त्री करण्याजोगं काही उरलंच नव्हतं. एकच टॉवेल ती उलटसुलट करत होती.

तिला कुणी बाहेर येऊ नकोस म्हटलं नव्हतं. म्हणावं लागतच नव्हतं. नवरा गेल्यापासून शुभकामात पुढे यायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. तो गेला त्याच वर्षी ती लेकीची एक मॅच बघायला गेली होती. नेमकं त्याच दिवशी लेकीचं बोट मोडलं आणि संघही हरला. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पांढऱ्या पायाच्या बाईनं मैदानात जावंच कशाला?" तेव्हापासून ती मैदानाच्या भिंतीपलीकडे उभी राहून मॅच नुसती ऐकायची. आत गलका झाला की तिचा जीव टांगणीला लागायचा. गोल आपला की त्यांचा, हे विचारायलाही शेजारी कुणी नसे.

खरं तर पोरीला गोलकीपर केलं ते हिनंच. परसातल्या दोरीखाली उभं करून ती ओल्या कपड्यांचे पिळे तिच्यावर फेकायची. "सोडलास तर धुवायचा तूच!" असा दम द्यायची आणि पोरगी हसत हसत झेप घ्यायची. मैदानावर तिचं नाव मांजर पडलं ते या झेपांमुळे. बाहेर कौतुक करणाऱ्या एकीलाही हे माहीत नव्हतं.

केंद्राच्या गाडीचा हॉर्न वाजला. लेक धावत मागच्या खोलीत आली.

"आई, गाडी आली. चल ना."

"इथूनच जा बाळा. नीट राहा, जेवत जा."

"गाडीपर्यंत तरी चल."

"नको गं. उद्या तुला काही लागलं-बिगलं तर..." सासूबाईंच्या बोलण्याचं तिला आता काही वाटत नव्हतं. पण ते बोलणं आपल्यालाच खरं वाटेल, याची तिला फार भीती वाटत होती. पोरीचं सगळं भविष्य त्या गाडीत बसण्यावर होतं. त्याला आपला नाट लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

सासूबाई दाराशी येऊन कुजबुजल्या, "तिला कशाला ओढतेस? निघताना तरी..."

लेक तिथंच जमिनीवर बसली. "मग मी जातच नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?" दीर ओरडला. "गाडी काय तुझ्यासाठी थांबणारे?"

"नाही थांबली तर नाही. काका, गोल झाला की काय होतं माहितीये? पुढच्या दहाजणी चुकलेल्या असतात, पण सगळे बघतात माझ्याकडेच. म्हणून मी गोल सोडून लपून बसते का?" मग ती आईकडे वळली. "तू का लपतेस?"

आईनं इस्त्री बंद केली, बाहेर जाऊन बॅग उचलली. शेजारणींनी अंग चोरून वाट दिली.

गाडीशी तिनं हळूच विचारलं, "आणि लागलं तर गं?"

"लागणारच. गोलकीपर आहे मी!"

आईला हसू आलं आणि मग रडू आवरेना. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यातच उभी राहिली.

त्या दिवशी घरात तिच्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. संध्याकाळी ती पुढच्या पायरीवर येऊन बसली, एकटीच. आज ना उद्या पोरीला लागेल, संघ हरेल आणि घरातल्या सगळ्या नजरा आपल्याकडे वळतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती पायरीवरून उठली नाही.

वाचकहो, तुमच्या घरी आनंदाचा दिवस असेल तेव्हा मागच्या खोलीत कोण उभं आहे, ते एकदा जाऊन बघा.