पाखरांना पत्ता कोणी दिला

"साहेब, पाखरांना आमच्या शाळेचा पत्ता कोणी दिला?"

सभागृहात आधी कुणी हसलंच नाही. मग मागच्या रांगेतून ढोलीचं दाबून ठेवलेलं हसू फुटलं, त्यापाठोपाठ चष्मिसचं, आणि बघता बघता सगळा हॉल खदखदायला लागला. प्रश्न विचारणारी मात्र कमरेवर हात ठेवून उभीच. उत्तर घेतल्याशिवाय खाली बसायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. मैत्रिणीशी, म्हणजे ढोलीशी, लागलेली पैज साधी होती. हवासाहेबांना हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला, तर ढोलीनं आठवडाभर तिचं दप्तर वाहायचं. घाबरली, तर तिनं ढोलीचं. आणि ढोलीचं दप्तर म्हणजे दगडांची गोणी.

तिला सगळे टकळी म्हणायचे. गेल्या वर्षापर्यंत ही टकळी फक्त घरात चालायची. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की बोबडी वळायची. यंदा विज्ञानाच्या बाईंनी तिचा तक्ता आख्ख्या शाळेसमोर लावला आणि तिच्या जिभेचं कुलूप निघालं ते निघालंच. आता घरचे म्हणायचे, किल्ली कुठं हरवली तेवढं सांग.

तक्त्यावर होतं शाळेच्या आवारातलं तुतीचं झाड. पानं, पानांचा रस शोषणारा मावा, पानं कुरतडणाऱ्या अळ्या, माव्यावर ताव मारणारे लाल पाठीचे ठिपकेवाले ढालकिडे, मध्येच जाळं टाकून बसलेला कोळी, अळ्या टिपून पिल्लांना भरवणाऱ्या चिमण्या, आणि चिमण्यांवर डोळा ठेवून असलेला शिकरा. कोण कुणाला खातं याचे बाण इकडून तिकडे गेलेले. बाई त्याला अन्नजाळं म्हणायच्या. ढोली म्हणायची, शाळेच्या मधल्या सुट्टीचा फोटो.

हवासाहेब त्या तक्त्यावर खूश होते. ते शहरातल्या हवेच्या ऑफिसचे मोठे साहेब. शहरातलं हवा मोजायचं एकुलतं एक यंत्र टकळीच्या शाळेच्या गच्चीवर होतं, डोक्यावर छत्रीसारखी टोपी घातलेलं पांढरं खोकं. त्याचे आकडे शाळेच्या फाटकावरच्या पाटीवर उमटायचे. पूर्वी पाटी लाल असायची. यंदा हिरवी झाली होती. कारखान्याची धुराडी तीच होती, धूर तोच होता, पाटी मात्र हिरवी. हवासाहेब म्हणत होते, पाटीवर कुणाचा विश्वास नसेल तर या मुलीचा तक्ता बघा, किडामुंगी कधी खोटं बोलत नाही.

टकळीच्या प्रश्नावर ते हसले, पण सगळ्यांच्या जरा मागाहून.

"पत्ता स्वच्छ हवेनं दिला, बेटा."

"मग आमच्या गल्लीला का नाही मिळाला? आमच्या दारातही तुतीच आहे. तिथं चिमणी फिरकत नाही."

बाईंनी डोळे वटारले. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि गोड आवाजात म्हणाले, "छान प्रश्न आहे. तूच शोध. बक्षीस समारंभाला मी येणारच आहे, तेव्हा माइकवरून सगळ्यांना उत्तर सांग."

टाळ्या पडल्या. ढोलीनं मुकाट्यानं दप्तर उचललं.

शाळा सुटल्यावर तिघी गल्लीतल्या तुतीखाली उभ्या राहिल्या. टकळीनं जन्मापासून हे झाड बघितलं होतं, म्हणजे खरं तर कधीच बघितलं नव्हतं. चष्मिसनं एक पान उलटं केलं आणि "ई" म्हणून सोडलं. पानाच्या पाठीवर मावा होता, नुसता लिंपल्यासारखा. वरच्या बाजूला चिकट काळा थर. टकळीनं बोट फिरवलं तर बोट काजळात बुडवल्यासारखं झालं.

"किडे तर शाळेपेक्षा इथं जास्त आहेत गं," ढोली म्हणाली. "मग चिमण्यांना काय धाड भरलीय? आयतं ताट वाढलंय."

"मावा जास्त आहे," टकळी म्हणाली. ती फांदीफांदी बघत होती. "माव्याला खाणारं कुणीच नाही. ढालकिडा नाही. कोळी नाही. आणि चिमण्या पिल्लांना अळ्या भरवतात. अळी एक तरी दिसतेय का? असलं काळं पान कोण कुरतडेल?"

खाणारे निघून गेले होते आणि नासधूस करणारा तेवढा मागे राहिला होता, गुबगुबीत होऊन. तक्त्यावरचे बाण काढायचे म्हटले, तर इथं पानापासून माव्यापर्यंत एक बाण निघाला असता आणि संपला असता.

"शाळा धुराड्यांपासून जेवढी लांब, तेवढीच तुझी गल्ली," चष्मिस चष्मा पुसत म्हणाली. तिच्या काचाही काळवंडल्या होत्या. "धूर काय शाळेचं फाटक बघून वळतो?"

टकळीनं उत्तर उद्या शाळेच्या तुतीवरच शोधायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळा भरायच्या बरीच आधी निघाली. चिमण्या पिल्लांना काय भरवतात ते सकाळीच नीट दिसतं, असं बाई म्हणाल्या होत्या. आवारात शिरली आणि थबकली. तुतीच्या शेजारी पाण्याचा टँकर उभा होता. टँकरच्या टपावर तिचे पप्पा उभे होते, पाय फाकवून, हातात जाड नळी.

पप्पा नगरपालिकेचा टँकर चालवायचे, हे काही गुपित नव्हतं. कितीतरी वर्षं ते रोजंदारीवर होते. आज काम, उद्या हात हलवत घरी. यंदाच त्यांना कायम केलं होतं. आई घरी शाळेचे गणवेश शिवायची, तिनं त्या दिवशी मशीन बंद ठेवलं होतं, जे ती तापातही ठेवायची नाही. शाळेच्या झाडांना आपले पप्पा पाणी घालतात, हे टकळी वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायची.

पण पाणी मुळांना चाललंच नव्हतं. नळीचं तोंड आकाशाकडे होतं. बारीक तुषारांचा पडदा गच्चीवर चढत होता, यंत्राच्या चारी बाजूंनी उतरत होता, आणि खाली येता येता तुतीची पानं धूत होता. पानावरची काजळी ओघळून मातीत जात होती. एक चिमणी त्या पाण्यात पंख फडफडवत होती. किती सुंदर दिसत होतं ते सगळं. टकळीला पुढे त्याचाच राग आला.

"पप्पा, हे काय करताय?"

पप्पा दचकले, मग लेकीला बघून खुलले. कामावर घरचं माणूस आलं की माणसाला जरा मिरवावंसं वाटतं.

"बघ आता," ते म्हणाले. "यंत्राच्या तोंडात पाणी गेलं तर ते बंद पडतं आणि चौकशी येते. अजिबात नाही मारलं तर आकडा चढतो. म्हणून नळी अशी धरायची, की धूळ खाली बसेल आणि खोक्याची टोपी कोरडी राहील. आधीच्या दोघांना जमलं नाही, दोनदा भिजवलं त्यांनी. मला जमलं. म्हणून तर कायम केलं."

"कुणी सांगितलं असं मारायला?"

"हवेच्या ऑफिसातून फोन येतो आमच्या मुकादमाला. वारा कुठला आहे, किती फेऱ्या मारायच्या, सगळं तेच सांगतात."

म्हणजे हवासाहेबांना पत्ता आधीपासून ठाऊक होता.

"मग आपल्या गल्लीत का नाही मारत?"

पप्पांना प्रश्नच कळला नाही. "आपल्या गल्लीत यंत्र कुठंय?" ते म्हणाले, आणि त्यांना खोकला आला. नेहमीचा, सकाळचा, ज्याच्यामुळे घरात गजर लावावा लागत नसे. नळी हलली, एक झोत यंत्राकडे गेला, तसं त्यांनी खोकता खोकताच मनगट वळवून तो परत फिरवला. खरंच, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

टकळी तडक बाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि खुर्चीत बसल्या.

"तू झाडावर जे बघितलंस तेच काढलंस ना?"

"हो."

"मग तक्त्यात खोटं काय आहे? राहू दे तसाच."

"बाई, त्या तक्त्यात पाणी नाहीये. हवासाहेब तोच दाखवून सांगतायत की हवा चांगली झाली."

"समारंभात आभार मान आणि खाली बस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "माझंही पोट या शाळेवर आहे गं. आणि तुझ्या वडिलांचं कशावर आहे ते तू आत्ताच बघून आलीस."

समारंभाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टकळीनं घरात नवा तक्ता पसरला. गल्लीतली तुती. तो एकुलता एक बाण. उरलेल्या कागदाचं काय करायचं म्हणून ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली, आणि मग तिचे बाण आपोआप सुटत गेले. धुराड्यातून काजळी. काजळीवर टँकर. टँकरवर पप्पा. पप्पांवर आई, पप्पांवर ती. बाणाच्या टोकाशी आपलंच नाव आलेलं बघून तिचं तोंड कडू झालं. जितकी काजळी, तितक्या फेऱ्या. माव्यात आणि तिच्यात फरक एवढाच, की माव्याला गणवेश नव्हता.

आईनं कापड बाजूला ठेवून तक्ता बघितला.

"हे लावणार आहेस?"

"तुला माहीत होतं?"

"नवरा कशानं कायम झाला ते बायकोला माहीत नसतं?" आईनं दात लावून दोरा तोडला. "तुझ्या जिभेला हाड नाही ते ठीक. पण पोटावर पाय देशील, तो स्वतःच्या बापाच्या?"

"मी पप्पांचं नाव घेणार नाही. नुसतं पाणी काढीन."

"पाण्याला नळी असते. नळीला हात असतो. हवासाहेब हात वर करणार आणि मुकादम हाच हात दाखवणार. साहेबाला काही होत नसतं, बाळा. फार तर बदली होते, चांगल्या हवेच्या गावाला."

टकळीला हसू आलं आणि रडूही. असं बोलणारी आई तिला एरवी फार आवडायची.

"आई, पप्पा रोज सकाळी खोकतात. आपल्या दारात पाणी मारलं असतं तर..."

"तर पाटी हिरवी झाली नसती. पाटी खोकत नाही, म्हणून तर तिची एवढी काळजी घेतात."

पप्पा हातपाय धुऊन आत आले. त्यांनी तक्ता बघितला. आपलं चित्र त्यांना लगेच ओळखता आलं. टपावर पाय फाकवून उभा माणूस, हातात नळी. त्यांनी त्या चित्राच्या मनगटावर बोट ठेवलं.

"मनगट असं नसतं. आतल्या बाजूला वळलेलं असतं," ते म्हणाले.

आईनं मशीन सुरू केलं, बंद केलं.

"उद्या पहाटे जास्तीच्या फेऱ्या सांगितल्यात," पप्पा म्हणाले, कुणाकडेच न बघता. "साहेब येणार ना. बक्षीस माझ्या पोरीला मिळणार म्हणून झाडं चांगली चमकवा म्हणाला मुकादम. सगळ्यांना माहीत झालंय, टँकरवाल्याची पोरगी म्हणून." ते थांबले. "मला फार बरं वाटलं होतं गं ते ऐकून."

याच्यापेक्षा त्यांनी दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं. टकळीनं खोडरबर उचललं. मनगटाची रेघ पुसली, आतल्या बाजूला वळवून पुन्हा काढली. पप्पा बघत होते. रेघ बरोबर आली तेव्हा त्यांनी सवयीनं मान डोलावली, आणि डोलावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हटलं.

"हा नको लावूस," ते हळूच म्हणाले. "मी तुला हात जोडतो म्हण हवं तर."

टकळीनं तक्त्याची सुरळी केली. तिचा आवाज तोच होता, हॉलमधला, कमरेवर हात ठेवल्यासारखा.

"पप्पा, आई, ऐका. साहेबांनी मला उत्तर शोधायला सांगितलंय, आणि ते मी उद्या माइकवरून सांगणार आहे. तक्ताही लावणार आहे. साहेबांचं काही बिघडणार नाही, माझंही नाही. भोगावं तुम्हालाच लागणार आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगतेय."