पितळी गडव्यातलं पाणी

बेबीबाईची विहीर माह्यामुळं बदनाम झाली. आधीच सांगून टाकतो.

मी भंडाऱ्यात पाणी तपासाच्या लॅबमध्ये आहो. मशीन चालवाले कोणी शिकवलं नाई. पाहून पाहून शिकलो, बाकी मोबाईलवर वाचलं. मशीनमध्ये आर्गन गॅसची ज्योत असते, सूर्याच्या पृष्ठभागाहून गरम. पाण्याचा फवारा तिच्यात सोडला का एकेक धातू आपापला उजेड देते. तांब्याचा वेगळा, जस्ताचा वेगळा. उजेड जितका जास्त, तितका धातू जास्त. मशीन खोटं बोलत नाई. पण पाणी कशातून आलं, ते त्याले माहीत नसते.

आसगावच्या बेबीबाईच्या रिपोर्टमध्ये तांबं अन् जस्त दोन्ही मर्यादेच्या वर निघाले. रिपोर्ट गेला पंचायतीत.

आठ दिवसानं ती लॅबमध्ये हजर.

"बापा, सबन गाव म्हणून राहिलं, माह्या विहिरीत जहर हाय. पंचायतीनं लाल रंग मारला तिले. आधी साऱ्या मोहल्ल्याच्या बाया यायच्या, आता एक येत नाई. सकाळी विहिरीचं चाक वाजत नाई तं घर खायले धावते."

मी रिपोर्ट पुन्हा काढला. लोखंड ठीक, मँगनीज ठीक. फक्त तांबं अन् जस्त, जोडीनं. हे दोन मिळून काय होते, हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या माणसाले विचारा लागते का? पितळ!

"मावशी, पाणी कशात आणलं होतं?"

"गडव्यात. चिंचेनं घासून चकचकीत केला. सकाळची बस, म्हणून सांजेलेच भरून ठेवला."

"आम्ही बाटली पाठवली होती ना?"

"बाटली घेऊन लोक सकाळी कुठं जातेत, तुले माहीत नाई का गा? प्याचं पाणी त्याच्यात देऊ?"

मले हासू आलं. मंग आठवलं. तो गडवा मीच तिच्या हातातून घेतला होता. मीच पाणी बाटलीत ओतलं. फॉर्मवर 'नमुना बाटलीत मिळाला' हेही मीच लिहिलं.

लॅबच्या मुख्य हर्षा मॅडमले सगळं सांगतलं. वाटलं, नोकरी गेली. त्यांनी जुना फॉर्म माह्यापुढं सरकवला.

"फॉर्मवर खरं लिही. अन् नवा नमुना तूच आण."

गेलो. बाटली विहिरीच्याच पाण्यानं तीनदा खंगाळली, भरली.

"नवी हाय ना?" बेबीबाईनं दोनदा विचारलं.

तिनं गडव्यात रातभर ठेवलेलं त्याच विहिरीचं पाणीही सोबत आणलं. दोन्ही मशीनले लावले. गडव्याच्या पाण्यात तांबं, जस्त पुन्हा वर. विहिरीच्या पाण्यात नावापुरतं.

नवा रिपोर्ट घेऊन मी स्वतः आसगावले गेलो. पंचायतीत दिला, मंग विहिरीजवळ उभं राहून बायांले वाचून दाखवला. शेजारची गुड्डी कमरेवर गुंड-घागर घेऊन ऐकत होती.

"म्हणजे विहिरीचा दोष नाई?"

"नाई."

"मंग कोणाचा?"

"माहा," मी म्हटलं.

"गडव्याचा म्हण ना गा!" बेबीबाई मधातच बोलली. "तू काहून आंगावर घेतं?"

गुड्डी हासली. तिनं बादली विहिरीत सोडली, अन् चाक करकर वाजलं.