एकाच कपाटातल्या दोन प्रती

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझी तबकडी आरशासारखी लख्ख होती. आता तिच्यावर ओरखडे आहेत आणि मी गंजक्या स्क्रूंबरोबर एका खणात पडून आहे. माझी कहाणी गोड करून सांगायची मला मुळीच हौस नाही.

मला घरी आणलं बाबांनी. ते नोंदणी कार्यालयात कारकून. कागदाची दुसरी प्रत काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आल्या आल्या त्यांनी माझे दोन भाग केले, सी आणि डी. सीमध्ये मूळ फायली, डीमध्ये त्यांची नक्कल. दर रविवारी चहा झाला की ते नक्कल करायला बसत आणि वहीत बरोबरची खूण करत. येणारे-जाणारे या शिस्तीचं कौतुक करत. खरं सांगते, मीही तेव्हा फुशारून गेले होते.

मग आईच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली. आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरात चार वर्षांची लेक. आईने पंधरा दिवस दार लावून तिच्यासाठी एकोणसाठ गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. मध्येच खोकला यायचा, तरी ती थांबली नाही. तिचा तो आवाज माझ्या स्वाधीन झाला.

मामाने बॅकअपसाठी वेगळी डिस्क आणून दिली होती. बाबांनी ती परत पाठवली. दोन प्रती आहेत की, तिसरी कशाला? मोबाइल भरला म्हणून त्यातल्या गोष्टीही त्यांनी पुसून टाकल्या. माझ्या एकटीच्या जिवावर सगळा भार टाकून हा माणूस निर्धास्त होता, याचा मला आजही संताप येतो.

दोन वर्षं लेक शाळेतून आली की जेवताना एक गोष्ट ऐकायची. आईही शेजारी बसून ऐकायची. पुढे मी थकले. महिनाभर टकटक करून मी सांगत होते. संगणकाच्या पंख्यात धूळ बसली असेल, असं म्हणून बाबांनी फडकं मारलं. एका दुपारी माझ्या आतला काटा तबकडीवर घासला आणि मी बंद पडले.

दुरुस्तीवाल्याने मला खोलून पाहिलं. सी गेला तर जाऊ दे, डीमधलं काढून द्या, असं बाबा त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते. त्याने मला टेबलावर ठेवलं.

"साहेब, कप्पे दोन केलेत, पण कपाट एकच होतं. कपाटच गेलं."

आईने पाटीवर लिहिलं, "मोबाइलमधलं तरी ठेवायचं होतं." त्यानंतर एकाही रविवारी बाबांनी वही उघडलेली नाही.

मित्रांनो, जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर, जमलं तर वेगळ्या घरात ठेवा. तीसुद्धा आजच ठेवा. माझ्यासारखीवर कितीही विश्वास असला तरी ठेवा.

परवा लेकीने आईला विचारलं, "आई, तुझा आवाज मावशीसारखा होता ना गं?"

आईने मान हलवून नाही म्हटलं.