न भरणारी डबी

"भरली का?" डबीमहाराजांनी व्यासपीठावरून विचारलं.

"नाही!" सभागृह गरजलं.

"भरेल का?"

"कधीच नाही!"

मागच्या पडद्यावर फायलींची नावं सरसर सरकत होती. कुणाच्या ऑफिसचं दप्तर, कुणा डॉक्टरचे एक्स-रे, कुणाच्या घरातले आजोबांपासून नातवापर्यंतचे फोटो, सगळं आठवडाभर एका काडेपेटीएवढ्या चंदेरी डबीत ओतलं जात होतं. आणि पडद्याच्या कोपऱ्यातला 'शिल्लक जागा'चा आकडा भरपूरच्या भरपूर! लोकांनी आ वासला होता. चांगले शिकलेसवरलेले लोक, बरं का.

"वस्तूला मर्यादा असते, ऊर्जेला नसते," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मी या डबीतल्या कणाकणाला ध्यान शिकवलंय. ध्यानात बसलेला कण जागा अडवत नाही. पथ्यं दोनच. ओतल्यावर महिनाभर उघडून बघायचं नाही, शंकेनं ऊर्जा पळते. आणि जुनी डिस्क इथे अर्पण करायची. जुन्याचा मोह सुटल्याशिवाय नवं टिकत नाही."

तिसऱ्या रांगेत सूनबाईचा पाय थडथड हलायला लागला. "बघायचंही नाही आणि जुनंही ठेवायचं नाही? मग खरंखोटं कळायचं कसं?" ती नवऱ्याच्या खुर्चीकडे वळून पुटपुटली. पण नवरा कुठला ऐकतोय! तो केव्हाच डबी घ्यायच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता.

त्याचीही घाई काही उगाच नव्हती. त्याची आई पूर्वी रेडिओवर मुलांना गोष्टी सांगायची. मग घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता ती पाटीवर लिहून बोलायची. जुन्या टेपा बुरशीनं खाल्ल्या होत्या, पण त्याआधीच सूनबाईनं त्यातल्या सगळ्या गोष्टी घरच्या सर्व्हरवर उतरवून घेतल्या होत्या. हा सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या कपाटातलं एक खोकं, त्यात दोन डिस्का. दोन्हींवर तेच, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्यातली एक गेली. आणि दुसरी टकटक करायला लागली.

सूनबाईनं ती लगेच बंद करून ठेवली. "मरायला टेकलेली डिस्क एकदाच नीट चालेल," ती म्हणाली. "त्या एका वेळी आईंचा आवाज जिथे उतरवायचा, ती जागा पक्की हवी."

म्हणून तिनं दोन नव्या डिस्का आणल्या आणि त्यांची तपासणी सुरू केली. डिस्क काठोकाठ भरायची आणि पहिल्यापासून परत वाचून, जे लिहिलं तेच आलं का ते ताडून बघायचं. पहिली डिस्क त्यात नापास झाली आणि दुकानात परत गेली. दुसरीची परीक्षा दिवसचे दिवस चाललेलीच.

"नवी कोरी डिस्क आणि तिची परीक्षा?" नवरा वैतागला. "मूल जन्मलं की लगेच दहावीला बसवशील तू! ही डबी आहे ना आपल्याकडे. आजच ओतू."

"वस्तू एक तर सुरुवातीलाच दगा देते, नाही तर म्हातारपणी. नव्यावर तर आधी नजर हवी. डबी मला द्या, तपासते."

"अगं, शंका घेतली की ऊर्जा जाते म्हणाले ते!"

तेवढ्यात आईनं पाटी उचलून दोघांच्या मध्ये धरली. 'आवाज माझा आहे. सूनबाई, तपास.'

मग काय, डबी सूनबाईच्या हातात आली. महाराजांच्या पुढच्या बैठकीच्या दिवशी डबीची तपासणी संपली. शेवटी भरलेलं सगळं ठीक. सुरुवातीला भरलेलं एक अक्षरही जुळेना. तिनं स्वयंपाकघरातली सुरी घेऊन डबी उचकटली. आत नखाएवढं एक मोबाइलचं मेमरी कार्ड गोंदानं चिकटवलेलं, आणि हाताला वजन लागावं म्हणून दोन लोखंडी नट!

"अहो, हे बघा!" ती ओरडली. ओ कोण देणार? नवरा घरात नव्हता. कपाटाचं दार उघडं होतं आणि टकटकणारी डिस्क जागेवर नव्हती. फोन लावला तर म्हणतो, "तू बिघडवलीस ती डबी. महाराज दुसरी देतायत, स्वतःच ओतून देणार आहेत."

सूनबाईनं सासूबाईंचा हात धरला, सासूबाईंनी पाटी धरली, आणि टॅक्सी मिळेपर्यंत दोघी रस्त्यानं अक्षरशः पळाल्या.

सभागृहात पोहोचल्या तेव्हा नवरा व्यासपीठाच्या पायरीवर होता. डिस्क त्याच्या हातात होती आणि महाराजांचे हात पसरलेले.

"देऊ नका!" सूनबाई दारातूनच किंचाळली. धापा टाकत तिनं नट आणि कार्ड टेबलावर आपटलं.

महाराज गोड हसले. "ताई, शंका आली, ऊर्जा गेली. ऊर्जा गेल्यावर काय उरणार? लोखंडच."

लोकांनी माना डोलावल्या! सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण डोकं ठिकाणावर होतं. "बरं. मी पापी. पण ज्यांनी शंका घेतली नाही आणि ज्यांचा महिनाही झालाय, असं कुणी आहे का इथे?"

"मी!" लग्नाचे फोटो काढणारा एक माणूस अभिमानानं उठला. डबी त्यानं छातीशीच बाळगली होती. "आजपर्यंत उघडलेली नाही."

डबी जोडली. नावं दिसली, टाळ्या पडल्या. "पहिला फोटो उघडा," सूनबाई म्हणाली. उघडला नाही. दुसरा उघडला नाही. शंभरावाही नाही. अगदी शेवटचे तेवढे झकास उघडले.

"मनात कुठेतरी शंका असेल तुमच्या," महाराज म्हणाले.

"माझ्या?" फोटोवाल्याचा आवाज फाटला. "मी माझ्या सगळ्या डिस्का तुमच्या पायाशी आणून ठेवल्या हो! लोकांची लग्नं होती त्यात!" तो मटकन खाली बसला.

तेव्हा आई व्यासपीठावर चढली. पाटीवर तिनं एक ते पाच आकडे मोठाले काढले. पाटी गच्च भरली. लोकांना दाखवली. मग तळहातानं 'एक' पुसला, तिथे 'सहा' लिहिला. 'दोन' पुसून 'सात'. 'तीन' पुसून 'आठ'. मग तिनं सगळं पुसून दोन शब्द लिहिले आणि पाटी महाराजांच्या तोंडासमोर धरली.

'भरली का?'

कुणीतरी खुदकन हसलं. मग कुणीतरी शिवी हासडली.

"कळलं?" सूनबाई म्हणाली. "आत एवढंसं कार्ड. त्याला स्वतःचं माप खोटं सांगायला शिकवलंय. जागा संपली की ते जुन्यावरच नवं लिहितं. नावं तेवढी शाबूत, आतला माल गेला. म्हणून तर बघायची बंदी! आणि तुमच्या जुन्या डिस्का कुठे गेल्या, ते मागच्या खोलीत बघा."

लोकांनी बघितलं. डिस्का पुसून, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवून, विक्रीसाठी खोक्यांत रचलेल्या होत्या. फोटोवाल्याला त्याची एकच सापडली, न पुसलेली. बाकीच्या विकल्या गेल्या होत्या. पोलीस येईपर्यंत महाराजांचं ध्यान काही लागलं नाही.

सूनबाईची दुसरी डिस्क परीक्षेत पास झाली. टकटकणारी डिस्क एकदाच चालली आणि तेवढ्यात सगळं उतरलं. पहिली गोष्ट लावली तशी घरभर आईचा तरुण आवाज घुमला. नवरा लहान मुलासारखा हमसून रडला. "हे मी त्याच्या हातात द्यायला निघालो होतो," एवढंच तो म्हणत राहिला.

मंडळी, विश्वास ठेवू नका असं कोण म्हणतंय? ठेवा की. पण जो म्हणतो 'तपासू नका', त्याच्यावर नको. खऱ्या गोष्टीला तपासणीनं काही होत नाही, उलट ती पक्की होते.

एवढं रामायण झाल्यावर दुसऱ्या प्रतीसाठी नवरा स्वतः जाऊन आणखी एक डिस्क घेऊन आला. "चांगल्या दुकानातली आहे हं," तो कपाटाशी वाकत म्हणाला. "लावू का सरळ?"

आईनं पाटीकडे हात नेला. पण लिहायची वेळच आली नाही.

"कळलं, कळलं," तो म्हणाला. "आधी तपासतो."